खंडित शनिवार

अमूल्याच्या शाळेत सातवीच्या मुलांना एक काम असं असायचं की ते ऐकूनच आईबापांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. वर्ष संपत आलं की पालकसभा भरायची, आणि त्या सभेत शिक्षकांनी तोंड उघडायचं नाही असा नियम होता. बोलायचं ते मुलानं. आईबापांना समोर बसवायचं, वर्षभरात काय शिकलो ते सांगायचं, काय जमलं नाही तेही न लाजता सांगायचं, आणि आता पुढे काय करणार ते सांगायचं. वर हे सगळं घरच्या भाषेत. म्हणजे कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत, कुणी तुळूत, आणि अमूल्यानं मराठीत. वर्गशिक्षिका सुप्रीता मिस कोपऱ्यात हात बांधून बसणार. मराठीतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, तरी त्या बसणार होत्या.

"मग फी कशाची घेतात म्हणे?" अमूल्याच्या अप्पांनी, म्हणजे नागेंद्रांनी, पहिल्या दिवशीच विचारलं होतं. "मुलीनंच शिकायचं, मुलीनंच सांगायचं. मॅडम काय सुम्मने बसून राहणार?"

सुम्मने म्हणजे उगाच, काही न करता. अप्पांच्या मराठीत असे कन्नड शब्द पावलोपावली यायचे आणि ते आलेत हे त्यांच्या ध्यानीही नसायचं. घराणं मुळात भावसारांचं, कापड रंगवणारं आणि छापणारं. म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलं नव्हतं. रंगाचे हौद आजोबांच्या काळातच आटले. अप्पांनी चामराजपुरमात फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं आणि आपण घराण्याचा धंदा राखला असं ते छाती काढून सांगायचे. कापड जाऊन प्लॅस्टिक आलं, एवढाच काय तो फरक, असं त्यांचं म्हणणं. अमूल्याची आई दीपश्री दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसायची आणि लोकांचे फोटो उजळ करून द्यायची. वाढदिवसाच्या पुढाऱ्याला तिनं किती केस दिले असतील, त्याचा हिशोब त्या पुढाऱ्यांनाही नसेल.

या दुकानाचा खरा हंगाम मे महिन्यात. निकाल लागले की क्लासवाले आणि हॉस्टेलवाल्या शाळा धावत यायच्या, आणि मग रँक आलेल्या मुलांचे चेहरे मशीनमधून लांबच लांब बाहेर पडायचे. पहिला, दुसरा, तिसरा, खाली टक्के, वर लाल अक्षरात अभिनंदन. दुसऱ्यांच्या पोरांचे हे चेहरे इतकी वर्षं छापून छापून अप्पांच्या मनात एक गोष्ट घट्ट रुतून बसली होती. एका मे महिन्यात या मशीनमधून आपल्या अमूल्याचा चेहरा बाहेर पडायला हवा. बापानं एवढी हौस धरली तर त्याला नावं ठेवायला कुणाची जीभ वळेल? पण पंचाईत अशी, की अमूल्याच्या शाळेत सहावी ते आठवी रँक नावाचा प्रकारच नव्हता.

शेजारच्या भुजंगरावांचा नातू रिंग रोडपलीकडच्या एका हॉस्टेलच्या शाळेत होता. तो वर्गात तिसरा आला तेव्हा भुजंगरावांनी अप्पांकडूनच फ्लेक्स छापून घेतला आणि तो त्यांच्या गेटवर दसऱ्यापर्यंत लटकत राहिला. जाता येता अप्पांना तो दिसायचा. शेवटी जानेवारीत एका संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की आठवीला अमूल्यालाही तिकडेच घालायचं.

"मी नाही जाणार," अमूल्या म्हणाली.

"का नाही?"

"तिथं विचारायला देत नाहीत, अप्पा. भुजंगरावांच्या नातवाला मी विचारलं. प्रश्न विचारला तर वेळ जातो म्हणून सांगतात."

अप्पांनी भाताचा घास तसाच हातात धरला. मुलीवर त्यांचा जीव होता, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याच्याशी माणूस भांडतो तेव्हा दोन्ही बाजूंनी हरायची तयारी लागते. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "तुझी ती सभा आहे नव्हं मार्चमध्ये? ती मी बघतो. या शाळेत तू काय शिकलीस ते मला पटलं, तर आठवी इथंच. नाही पटलं, तर गुमान बॅग भरायची. रडायचं नाही."

"चालेल," अमूल्या म्हणाली, आणि भात जेवायला लागली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर ताटावरून उठली असती. या मुलीला भीती जरा उशिराच गाठायची, आणि तोवर तिचं निम्मं काम झालेलं असायचं.

अप्पांना कोण सांगणार, की या शाळेत मुलांना उसंत अशी नव्हतीच. ऋण संख्या आणि समीकरणं होती, कन्नड, इंग्रजी आणि हिंदीचे धडे होते, पोटातली पचनसंस्था होती. त्याच्या जोडीला आपलं वेळापत्रक आपण आखायचं, आपला वर्ग आपण झाडायचा, चुकलं तर कुठे चुकलं ते स्वतः शोधायचं, आणि आपण निवडलेला नाही अशा माणसाबरोबर काम निभावून न्यायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. मोठ्यांनाही ते जमत नाही, पण सातवीतल्या मुलांना जमलं पाहिजे असं आपण खुशाल धरून चालतो.

जानेवारीतच सुप्रीता मिसनी सगळ्यांना सांगितलं, की आपल्या गल्लीतला एक प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर नुसतं कुणी सांगितलं म्हणून खरं मानता येणार नाही. मोजून बघावं लागेल. अमूल्याला प्रश्न शोधावा लागला नाही. सर्कलला एका पुढाऱ्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स उन्हात रंग उडून इतका पांढुरका झाला होता, की त्याचा शर्ट आणि दात वेगळे ओळखू येत नव्हते. त्यावरून तिनं प्रश्न केला: फ्लेक्सवरचा लाल रंग कुणाचा जास्त टिकतो?

जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला अर्णव आला. तो जूनमध्येच पुण्याहून आला होता, त्याचे बाबा कुठल्याशा कंपनीत होते. दोघांची घरची भाषा मराठी, म्हणून मिसनी मोठ्या कौतुकानं ही जोडी लावली. मिसना काय ठाऊक, की आठ महिन्यांत ही दोघं एकमेकांशी बोलायची ती इंग्रजीत. अमूल्यानं मराठीत तोंड उघडलं की अर्णव फिसकन हसायचा, आणि अर्णव बोलायला लागला की बातम्या ऐकतोय असं अमूल्याला वाटायचं.

पण कामाला मुलगा पक्का होता. त्यानं तीन दुकानांमधून लाल रंगाच्या तीन पट्ट्या आणवल्या. एक अप्पांच्या दुकानातली, एक मंडीजवळच्या दुकानातली, आणि एक अमूल्याच्या मामानं हुणसूरहून बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवलेली. मग त्यानं अमूल्याला खोलीबाहेर काढलं आणि पट्ट्यांच्या मागे क, ख, ग अशी अक्षरं घातली. कुठलं अक्षर कुणाचं, ते फक्त त्याला ठाऊक. मिसनी शिकवलं होतं, की मोजणाऱ्याला नमुना कुणाचा ते कळता कामा नये, कारण डोळे आपल्याला हवं तेच बघतात. प्रत्येक पट्टीचा एक तुकडा कापून त्यांनी कपाटात अंधारात ठेवला. आईनं कॉम्प्युटरवर गडद लालपासून फिकट गुलाबीपर्यंत दहा चौकोनांचं एक कार्ड करून दिलं, सगळ्यांत गडद तो दहा आणि सगळ्यांत फिकट तो एक. पट्ट्या अर्णवच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एकाच दोरीला टांगल्या. दर शनिवारी अमूल्यानं कार्ड घेऊन जायचं, प्रत्येक पट्टी तिनंच तीनदा मोजायची, अर्णवनं नुसते आकडे लिहून घ्यायचे आणि मग सरासरी काढायची. सरासरी हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे हे कळल्यावर तर अमूल्याला मराठी फारच सोपी वाटायला लागली.

तीन शनिवार छान गेले. आणि चौथ्या शनिवारी तिची मराठी तिच्या अंगाशी आली.

गुरुवारी संध्याकाळी अर्णवच्या आईचा फोन आला. "अगं अमूल्या, आमच्याकडे पाहुणे आलेत. शनिवारी त्यांना घेऊन तलकाडला जावं म्हणतोय, देवळं बघायला. तुमचं ते मोजायचं आहे का गं या शनिवारी?"

मोजायचं आहे का म्हणजे काय! "मोजायचं खंडित, काकू!" अमूल्या ठासून म्हणाली. काकूंना नीट कळावं म्हणून तिनं आवाज चढवला. "खंडित!"

"खंडित ना? बरं बरं, सांगते मी अर्णवला," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला. आवाजात त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा होता. अमूल्याला ते जरा नवल वाटलं, पण तिनं विचार केला नाही.

शनिवारी सकाळी ती कार्ड घेऊन गेली तर अर्णवच्या दाराला कुलूप. गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच. वॉचमन म्हणाला, ते लोक पहाटेच गाडी घेऊन गेले. अमूल्या ऊन चढेपर्यंत जिन्यात बसून राहिली आणि मनातल्या मनात अर्णवला कन्नडमध्ये शिव्या देत राहिली. मंडळी तलकाडहून परस्पर बेंगळुरूला गेली ती पुढच्या शुक्रवारी उगवली. तोवर चौथा आठवडा हातचा गेला होता.

पाचव्या शनिवारी गच्चीवर जे भांडण झालं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

"तूच सांगितलंस ना मोजमाप खंडित झालं म्हणून!" अर्णव.

"हौदु, हो, सांगितले की! खंडित म्हणून दोनदा सांगितले. तरी कशाला गेलास?"

"अगं, खंडित म्हणजे तुटलेलं. बंद पडलेलं. पुण्यात लाइट गेली की पेपरात येतं, वीजपुरवठा खंडित!"

"खंडित म्हणजे नक्की!" अमूल्या ओरडली. "एकदम नक्की! आमच्यात जेवायला बोलावलं की खंडित येतो म्हणतात."

"आणि मग येतात?"

"येतात की! पोटभर जेवून जातात!"

अर्णव आधी तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि मग असा हसत सुटला की त्याला कठड्याला धरावं लागलं. अमूल्याला मात्र हसू आलं नाही. खंडित हा शब्द आपल्या घरात कन्नडमधून आलाय हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आजोबा म्हणायचे, अप्पा म्हणतात, म्हणजे तो मराठीच, असं ती धरून चालली होती. आपण बोलतो त्यातलं आपलं किती आणि शेजाऱ्याकडून आलेलं किती, हे आजवर तिनं कधी तपासलंच नव्हतं. तिला थोडी लाज वाटली आणि थोडी गंमतही वाटली. शेवटी तीही हसली, आणि त्या दिवसापासून ती दोघं मराठीत बोलायला लागली, कारण आता एकमेकांच्या शब्दांवर भरवसा ठेवायची सोय राहिली नव्हती. शब्द आला की विचारायचं, तुझ्यात याचा अर्थ काय?

पट्ट्यांकडे पाहिल्यावर मात्र दोघांचं हसू विरलं. तिसऱ्या शनिवारी तिन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्या लाल होत्या. आता क आणि ग थोड्याच फिकटल्या होत्या, पण ख पार उतरली होती, नऊवरून पाचवर. नेमकं चौथ्या शनिवारी काय झालं ते कुणीच पाहिलं नव्हतं.

"मधला आकडा टाकू," अर्णव म्हणाला. "नऊ आणि पाचच्या मधे सात. रेघ सरळ येईल."

घरी अप्पांचंही हेच मत. आलेखाच्या मोठ्या कागदावर मधेच मोकळी जागा पाहून ते कळवळले. "अय्यो मरी, अगं पोरी, हे भोक कशाला ठेवलीस? भर की! फोटोत भोक पडलं तर तुझी आई भरते की नाही?"

अमूल्यानं दोन दिवस विचार केला. पेन्सिल घेऊन सातावर एक बारीक ठिपकाही दिला. रेघ खरंच सुंदर दिसत होती. शाळेत तिनं सुप्रीता मिसना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, "त्या दिवशी सात होता हे तुला माहीत आहे?" अमूल्या म्हणाली, नाही. मिस दुसऱ्या मुलीच्या वहीकडे वळल्या. अमूल्यानं घरी येऊन तो ठिपका खोडला आणि त्या जागी कन्नडमध्ये लिहिलं: माहीत नाही.

शेवटचं मोजमाप झालं तेव्हा क आठवर होती, ग सातवर, आणि ख तीनवर. कपाटातले तुकडे तिन्ही जसेच्या तसे लाल. मग अर्णवनं अक्षरांचं कोडं उलगडलं. क मंडीजवळच्या दुकानातली, ग हुणसूरची. आणि ख?

"ख तुमची," अर्णव हळू आवाजात म्हणाला. "सॉरी."

तेव्हा कुठे भीतीनं अमूल्याला गाठलं, आणि या वेळी ती सगळी कसर काढूनच आली. अप्पा गिऱ्हाइकांना सहा महिन्यांची गॅरंटी द्यायचे. छातीवर हात ठेवून द्यायचे. आता सभेत त्यांच्याच तोंडावर सांगायचं, की तुमचा रंग सगळ्यांत आधी जातो? आणि मग त्यांच्याकडूनच मागायचं, की मला याच शाळेत ठेवा? अर्णव म्हणाला, कागदावर तर नुसती क ख ग आहेत, नावं सांगितलीच पाहिजेत असं कुठाय? ते खरंच होतं. सभा मराठीत, मिसना मराठी येत नाही, अर्णवचे आईबाबा त्यांच्या टेबलाशी. ती काहीही बोलली असती तरी पकडणारं कुणी नव्हतं. हीच गोष्ट तिला सगळ्यांत जास्त छळत राहिली.

सभेच्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आईनं दुकान बंद करून मोगऱ्याचा गजरा घातला होता. अमूल्यानं दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि उभी राहिली. कोपऱ्यात सुप्रीता मिस हात बांधून बसल्या होत्या.

ऋण संख्या तिनं बेट्टाच्या, म्हणजे डोंगराच्या, पायऱ्यांवर चढून उतरून दाखवल्यासारख्या समजावल्या. अप्पांनी मुद्दाम अडवायला दोन वजाबाक्या विचारल्या, तिनं उत्तरं दिली. इंग्रजीत अजून स्पेलिंग चुकतात, हिंदीत कुठलं नाव पुल्लिंगी आणि कुठलं स्त्रीलिंगी ते अजून गोंधळतं, हेही तिनं आपणहून सांगितलं. "हे कशाला सांगतेस?" अप्पा कुजबुजले. "ते सांगायचं असतं, अप्पा. नाहीतर सुधारणार कसं?" आईनं पदर तोंडाला लावला.

मग तिनं आलेख उलगडला. पट्ट्या, गच्ची, कार्ड, कपाटातले तुकडे, सगळं सांगितलं. मधल्या मोकळ्या जागेचं कारणही सांगितलं. काकूंचा खंडित आणि आपला खंडित ऐकून अप्पा इतक्या मोठ्यानं हसले की आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. डोळे पुसत पुसत त्यांनी बायकोला विचारलं, "पण खंडित म्हणजे नक्कीच नव्हं?" आई म्हणाली, "मला विचारू नका, मुलीला विचारा. मार्क तिला आहेत." "मार्क नाहीतच म्हणून तर रडतोय मी," अप्पा म्हणाले, पण आता ते पुढे सरकून बसले होते. धंद्यातलीच गोष्ट निघाली होती ना. त्यांनी बोटानं रेघा मागे पुढे चाचपून पाहिल्या आणि बोट ख वर आणून टेकवलं.

"हा कोण चोर?" ते म्हणाले. "सहा आठवड्यांत तीनवर? असला माल विकतो? अशा लोकांमुळे आमच्यासारख्यांची नावं खराब होतात. सांग मला कोण तो, उद्या मी साऱ्या बाजाराला सांगतो."

आईचं हसू थांबलं. आईच्या डोळ्यांत बघितल्यावर अमूल्याला कळलं, की आईला आत्ताच, या क्षणी शंका आली आहे.

"ख आपला आहे, अप्पा."

अप्पांचं बोट तिथंच राहिलं. मिसना शब्द कळला नाही, पण काय झालं असावं ते चेहऱ्यांवरून कळलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. नियम त्यांनीच केला होता आणि आज तो त्यांनाच जड जात होता.

"चूक आहे," अप्पा शेवटी म्हणाले. आवाज बारीक होता. "हे बघ, इथं भोक आहे. त्याच आठवड्यात रंग गेला. कुणी काही ओतलं असेल. गच्चीवर माणसं काय काय धुतात. तुला काय माहीत?"

"काय झालं ते मला माहीत नाही," अमूल्या म्हणाली. "पण तिन्ही पट्ट्या एकाच दोरीला होत्या. ओतलं असतं तर शेजारच्या पट्टीवर पण उडालं असतं. आणि पुढच्या शनिवारी काही ओतलं नाही, तरी ख खालीच गेली. कधी गेला ते माहीत नाही, अप्पा. गेला ते माहीत आहे."

"शाईमुळे गेला?"

"ते पण माहीत नाही. शाई असेल, फ्लेक्सचा कपडा, म्हणजे ते खालचं प्लॅस्टिक असेल, मशीन असेल. मी एकदाच केलं. पुन्हा करायला पाहिजे."

अप्पा खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं. मागच्या दसऱ्याला त्यांनी लाल शाई बदलली होती, विकणारा म्हणाला होता, तीच आहे, फक्त स्वस्त. त्यांनी विश्वास ठेवला होता. दहावीतल्या पोरांचे फ्लेक्स महिनाभरात उतरवतात, कोण कशाला रंग बघतो? आणि ज्या पोरीनं बघितला, ती आता समोर उभी होती, आणि तिला हॉस्टेलला जायचं नव्हतं.

"हे मला नाही सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "मला कळलं नसतं."

"हौदु," अमूल्या म्हणाली. "कळलं नसतं."

अप्पांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग ते सुप्रीता मिसकडे वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "मॅडम, आठवीत पण अशी मोजायची कामं असतात?"

मिसनी ओठांवर बोट ठेवलं आणि अमूल्याकडे हात दाखवला.

"असतात," अमूल्या म्हणाली. "जूनपासून."

"जूनमध्ये ऊन कुठलं? जानेवारीच बरा." अप्पांनी खिशातून पेन काढलं आणि नुसतंच हातात फिरवत बसले. "तोवर मी जुनी शाई मागवून ठेवतो. एकाच फ्लेक्सवर जुनी आणि नवी, दोन्ही छापून देतो. म्हणजे कळेल शाई की कपडा. आणि या वेळी ते तलकाडवाले कुठे जाणार नाहीत ते बघ."

जानेवारी. पुढचा जानेवारी. अमूल्यानं तो शब्द मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला. त्याचा दुसरा काही अर्थ निघत नव्हता. तिनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली. म्हणजे आठवी इथंच.

"आणि पट्टीवर आपल्या दुकानाचं नाव लिही," अप्पा म्हणाले. "लपवायचं नाही. मोठ्या अक्षरात लिही."

"मोजून होईपर्यंत नाव लिहायचं नसतं, अप्पा," अमूल्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण पुसायला वेळ नव्हता. पुढच्या मुलाचे आईबाप दारात येऊन उभे होते, आणि फळा पुसून द्यायचं काम तिचंच होतं.